कोलंबसपूर्व अमेरिकेतील दगडी हत्यारे आणि ताईत

श्रोतेहो, शेत नांगरताना फाळाला दगड लागला तर आपण काय करतो? उचलून बांधावर टाकतो. तो जरा वेगळा दिसला, एखाद्या बाजूने धार काढल्यासारखा, नाहीतर गुळगुळीत घासल्यासारखा, तर घरी आणून मुलांच्या हाती देतो. फारच देखणा असला तर त्याला देव्हाऱ्यात जागा मिळते. यात वावगे काही नाही. सुंदर वस्तू उचलून जवळ ठेवावी ही माणसाची जुनी हौस आहे. पण या हौसेमुळे मानवजातीच्या इतिहासाची कितीतरी पाने कायमची फाटून गेली आहेत, आणि याच हौसेला थोडे शहाणपण जोडले गेले तेव्हा एका साध्या गुराख्याच्या नजरेने एका अख्ख्या खंडाचा इतिहास बदलून टाकला आहे. आज मी तुम्हाला ही हकिकत सांगणार आहे ती अमेरिका खंडातली.

१४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. त्यापूर्वी हजारो वर्षे त्या खंडात माणसे राहत होती. शेती करीत होती, नगरे वसवीत होती, देवळे बांधीत होती. त्या काळाला इतिहासकार कोलंबसपूर्व काळ म्हणतात. या लोकांना सोने, चांदी आणि तांबे ठाऊक होते, परंतु खाणीतून लोखंड काढून ते वितळवण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. त्यामुळे कुऱ्हाड, सुरी, भाल्याचे टोक, जाते, कातडे खरवडण्याचे हत्यार या बहुतेक सगळ्या वस्तू त्यांनी दगडाच्याच केल्या. दगड म्हणजे ओबडधोबड काम, असे मात्र समजू नका. ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या काचेसारख्या दगडाची, म्हणजे ऑब्सिडियनची, जी पाती मेक्सिकोचे कारागीर काढीत, त्यांची धार पोलादी वस्तऱ्यापेक्षाही बारीक असे. आपला पाथरवट जसा दगडाची शीर ओळखून घाव घालतो, तसाच तो कारागीर कोठे दाब दिला म्हणजे केवढे पाते सुटेल हे हाताने जाणत असे.

हत्यारांबरोबरच हे लोक दगडाचे ताईतही करीत. गळ्यात घालायचे, पुजायचे, मेलेल्या माणसाबरोबर पुरायचे. त्यांत सर्वांत मोलाचा दगड म्हणजे हिरवा जेड. सोन्यापेक्षाही त्याची प्रतिष्ठा अधिक होती. हिरवा रंग म्हणजे पाणी, कोवळा मका आणि जीवन. ज्या मुलखात पावसावर पीक अवलंबून, त्या मुलखातल्या माणसाला हिरव्या रंगाचे मोल काय वाटत असेल हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

‘जेड’ हा शब्दसुद्धा या ताईतांमुळेच जगाला मिळाला. स्पॅनिश लोक अमेरिकेत आले तेव्हा त्यांनी पाहिले की, हा हिरवा दगड अंगाशी धरला म्हणजे कुशीतले दुखणे थांबते अशी समजूत आहे. त्यांनी त्याला नाव दिले ‘पिएद्रा दे इहादा’, म्हणजे कुशीचा दगड. तेच नाव फ्रेंच लोकांच्या तोंडी बदलत बदलत ‘जेड’ झाले. दगड उचलणारा माणूस त्यात स्वतःचे दुखणे, स्वतःचा देव आणि स्वतःची किंमत पाहतो, याचे हे एक उदाहरण.

आता एक मौजेची गोष्ट ऐका. जुने दगड जमवण्याचा छंद फक्त गोऱ्या साहेबांनीच लावला असे आपल्याला वाटते. पण कोलंबसाच्याही आधी अमेरिकेत प्राचीन वस्तूंचे संग्राहक होते! मेक्सिको शहराच्या पोटात आस्तेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान गाडलेली आहे. १९७८ च्या फेब्रुवारी महिन्यात वीज मंडळाचे मजूर तिथे खणत असताना त्यांना एक प्रचंड कोरीव शिळा लागली. त्यांनी काम थांबवले, जाणकारांना कळवले. पुढे एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली तेथे आस्तेकांच्या मुख्य देवळाचे उत्खनन झाले. देवळाच्या पायात देवाला अर्पण केलेल्या वस्तूंच्या पेट्या सापडल्या. त्यांतल्या एका पेटीत हिरव्या दगडाचा, तळहातात मावेल एवढा एक मुखवटा निघाला. तो आस्तेकांचा नव्हता. तो ओल्मेक लोकांच्या घडणीचा होता, म्हणजे देवळात ठेवला गेला त्या वेळीच तो दोन हजार वर्षांच्या आसपास जुना होता!

म्हणजे पाहा, पंधराव्या शतकातल्या आस्तेकांच्या हातात कोठून तरी एक अतिप्राचीन वस्तू आली, ती जुनी आहे, पूर्वजांची आहे, हे त्यांनी ओळखले आणि ती आपल्या सर्वांत मोठ्या दैवताच्या पायाशी ठेवली. तेओतिवाकान हे त्यांच्यापूर्वी ओसाड पडलेले मोठे नगर. तिथल्या वस्तूही त्यांनी आणून या देवळात अर्पण केल्या. आणि १९७८ सालच्या उत्खननात हा मुखवटा त्याच्या पेटीतच, आजूबाजूच्या वस्तूंसह सापडला म्हणून आपल्याला ही गोष्ट कळली. तोच मुखवटा एखाद्या दुकानाच्या काचेमागे दिसला असता तर? तर तो फक्त ‘ओल्मेक मुखवटा’ ठरला असता. आस्तेकांनी आपल्या पूर्वीच्या लोकांचा केवढा मान राखला, ही गोष्ट त्या दगडावर कोठेच लिहिलेली नव्हती. ती त्याच्या जागेवर लिहिलेली होती.

हा मुद्दा नीट ध्यानात यावा म्हणून ओल्मेकांचीच आणखी एक गोष्ट सांगतो. मेक्सिकोच्या आखाताजवळ ला वेंता नावाचे ठिकाण आहे. १९५५ साली तिथे खणताना जमिनीखाली सोळा लहान दगडी मूर्ती उभ्या असलेल्या सापडल्या. मूर्ती वीतभर उंचीच्या. त्यांच्यामागे सहा लांबट दगडी पाती, कुऱ्हाडीच्या पात्यांसारखी, रांगेने उभी रोवलेली. एक मूर्ती वेगळ्या भरड दगडाची. ती पात्यांकडे पाठ करून उभी आणि बाकीच्या तिच्या भोवती, जणू काही पंचांसमोर कोणी उभा आहे किंवा सभा भरली आहे. एवढेच नव्हे. मातीच्या थरांवरून असेही दिसले की, हे सर्व पुरल्यावर पुष्कळ काळाने कोणीतरी बरोबर त्याच जागी वरून खड्डा घेतला होता, मूर्तींच्या डोक्यापर्यंत माती काढून पाहिली होती, आणि सगळे जागच्या जागी आहे अशी खात्री करून खड्डा पुन्हा बुजवला होता. म्हणजे ही जागा त्यांच्या स्मरणात होती, कोणीतरी तिची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवली होती.

आता कल्पना करा की, हा खड्डा प्रथम एखाद्या वस्तुविक्याच्या हाती लागला असता. सोळा मूर्ती सोळा गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या असत्या. सहा पाती सहा घरी गेली असती. प्रत्येक वस्तू जपून ठेवली गेली असती, पुसूनपासून चकचकीत झाली असती, एकही दगड फुटला नसता. आणि तरीही ती सभा मात्र कायमची उठली असती. आज त्या मूर्ती मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात जशा सापडल्या तशाच मांडून ठेवलेल्या आहेत.

श्रोतेहो, आता मी तुम्हाला त्या गुराख्याची गोष्ट सांगतो. त्याचे नाव जॉर्ज मॅकजंकिन. अमेरिकेच्या टेक्सास संस्थानात एका निग्रो गुलामाच्या पोटी तो जन्मला. गुलामगिरी संपली तेव्हा तो अजून पोरवयाचा होता. शाळा त्याला मिळाली नाही. घोडे वठणीवर आणण्यात तो पटाईत होता. त्या बदल्यात इतरांकडून त्याने अक्षरे गिरवून घेतली आणि वाचायला शिकला. पुढे न्यू मेक्सिको संस्थानात फॉल्सम गावाजवळ गुरांच्या एका मोठ्या मळ्यावर तो मुकादम झाला. गोऱ्या गुराख्यांवर देखरेख करणारा काळा मुकादम, ही त्या काळी तिथे साधी गोष्ट नव्हती. त्याला दगड, हाडे, तारे सगळ्यांची जिज्ञासा. त्याच्याजवळ एक दुर्बीणही असे.

१९०८ च्या ऑगस्ट महिन्यात फॉल्समला भयंकर पूर आला. गावच्या टेलिफोनवर काम करणारी सारा रूक नावाची बाई घराघरांत फोन करून लोकांना सावध करीत शेवटपर्यंत जागेवर बसून राहिली आणि त्यात वाहून गेली. गावातली कित्येक माणसे दगावली. पूर ओसरल्यावर मॅकजंकिन मळ्याची कुंपणे कोठे कोठे तुटली ते पाहायला निघाला. एका नाल्याच्या काठाशी येऊन तो थबकला. पाण्याने नाला खोल कापला होता आणि काठाच्या मातीत, जमिनीच्या पातळीपासून पुष्कळ खाली, हाडे दिसत होती.

हाडे तर गुराख्याला रोजचीच. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. पण मॅकजंकिनने दोन गोष्टी पाहिल्या. एक, ती हाडे बायसनची, म्हणजे तिकडच्या रानबैलाची दिसत होती खरी, पण त्याला ठाऊक असलेल्या बायसनपेक्षा फार मोठी होती. दुसरी गोष्ट, ती फार खोल होती. इतकी माती त्यांच्यावर चढायला किती काळ लागला असेल? हा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि त्याने त्याचा पाठपुरावा केला. भेटेल त्याला त्याने ती जागा सांगितली. रॅटन गावच्या कार्ल श्वाखहाइम नावाच्या लोहारालाही त्याने सांगितले, कारण त्या लोहाराला जुनी हाडे आणि दगड जमवण्याची हौस होती. पण जाणे लांबत गेले. १९२२ च्या आरंभी मॅकजंकिन वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो लोहार आणि बँकेत काम करणारे त्याचे स्नेही फ्रेड हॉवर्थ आणखी काही मंडळींसह त्या नाल्यावर पोहोचले. जागा दाखवणारा मात्र तोवर मातीआड गेला होता.

पुढे १९२६ साली या दोघांनी ती हाडे डेन्व्हर येथील संग्रहालयाच्या संचालकांना, जेसी फिगिन्स यांना, नेऊन दाखवली. हाडे नामशेष झालेल्या बायसनची निघाली. संग्रहालयाला आपल्याकडे मांडण्यासाठी त्या जनावराचा सांगाडा हवा होता, म्हणून उत्खनन सुरू झाले. आणि त्या हाडांच्या ढिगात एक दगडी टोक सापडले! भाल्याचे टोक, अत्यंत नाजूक घडणीचे, दोन्ही बाजूंनी मधोमध पन्हळ काढलेले.

आता तुम्ही म्हणाल, दगडी टोक सापडले यात एवढे काय? त्या वेळचा वाद समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत माणूस केव्हा आला? वॉशिंग्टनचे थोर मानवशास्त्रज्ञ आलेश हर्डलिच्का यांचे ठाम मत असे की, तो आला त्याला फार तर थोडी हजार वर्षे झाली. हिमयुगातल्या जनावरांशी त्याची गाठ पडलीच नाही. यापूर्वी कितीतरी लोकांनी जुनी हत्यारे पुढे केली होती, पण प्रत्येक वेळी एकच शंका निघे. हे टोक हाडांच्या बरोबरीचे कशावरून? उंदराच्या बिळातून वरून खाली गेले नसेल कशावरून? खणणाऱ्या मजुराच्या फावड्याने दोन्ही एकत्र झाले नसतील कशावरून? टोक हातात होते, पण त्याची जागा हातातून निसटलेली होती. पहिल्या वर्षी फॉल्समलाही तसेच झाले. टोक सुटे होऊन आले. ते नेमके कोठे होते हे कोणी छातीठोकपणे सांगू शकेना.

फिगिन्स वॉशिंग्टनला जाऊन हर्डलिच्कांना भेटले. हर्डलिच्का विरोधक खरे, पण त्यांनी जो सल्ला दिला तो लाख मोलाचा होता. पुन्हा टोक सापडले तर ते उचलू नका, जागच्या जागी राहू द्या, आणि बाहेरच्या विद्वानांना बोलावून दाखवा.

२९ ऑगस्ट १९२७. नाल्यात काम करीत होता तो लोहार, श्वाखहाइम. माती उकरता उकरता त्याला बायसनच्या बरगड्यांमध्ये रुतलेले एक टोक दिसले. कल्पना करा, ज्याने आयुष्यभर हौसेने दगड जमवले, त्याच्यासमोर असे अप्रतिम टोक आहे, आणि त्याने हात मागे घेतला. त्याने ते उचलले नाही. तारा सुटल्या. निरनिराळ्या संस्थांचे विद्वान आले. बार्नम ब्राउन आले, फ्रँक रॉबर्ट्स आले, आल्फ्रेड किडर आले. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले की, टोक बरगड्यांत आहे, भोवतालची माती हललेली नाही. वाद मिटला. हिमयुगाच्या अखेरच्या काळातल्या जनावराची शिकार माणसाने केली होती, हे सिद्ध झाले.

पुढच्या काळात कार्बनच्या परीक्षेने फॉल्समच्या शिकारीचा काळ सुमारे साडेबारा हजार वर्षांपूर्वीचा ठरला. वासरांच्या दातांच्या वाढीवरून ही शिकार शरद ऋतूत झाली, हेही कळले. बायसनच्या एका कळपातली तीसहून अधिक जनावरे तिथे एकदम मारली गेली होती. पुढे फॉल्समच्याही आधीची क्लोविस टोके मिळाली, ती तेरा हजार वर्षांच्या घरातली. दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या मोन्ते वर्दे येथे साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे पुरावे पुढे आले आणि १९९७ साली बहुतेक विद्वानांनी ते मान्य केले. म्हणजे एक दार उघडले तशी आतली दालने उघडत गेली. ते पहिले दार उघडले ते एका गुराख्याच्या नजरेने आणि एका लोहाराच्या संयमाने. बरगड्यांत रुतलेले ते टोक भोवतालच्या मातीसकट उचलून डेन्व्हरच्या संग्रहालयात आजही ठेवलेले आहे.

आता या गोष्टीच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहू. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा चिमुकला देश आहे. तेथील प्राचीन लोक जेडचे ताईत घडवीत, इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून पुढे सातशे वर्षांच्या सुमारापर्यंत. या ताईतांचे एक विशेष रूप आहे. खालचा भाग कुऱ्हाडीच्या पात्यासारखा घासून गुळगुळीत केलेला, आणि वरच्या भागावर पक्षी किंवा माणूस कोरलेला. जाणकार त्याला कुऱ्हाडदेव म्हणतात. शेतकऱ्याच्या हातातली झाड तोडणारी कुऱ्हाड हीच देव झाली, आणि देव होऊन गळ्यात बसली. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो, तेव्हा या भावनेचे आपल्याला नवल वाटू नये.

जेड अतिशय चिवट दगड. तो छिन्नीने फुटत नाही. हे लोक दोरीला वाळू आणि पाणी लावून, ती मागे-पुढे ओढत ओढत तो कापीत. एक ताईत पुरा व्हायला किती दिवस लागत असतील, विचार करा. आणि त्यांतले कित्येक ताईत असे आहेत की, अखंड कुऱ्हाडीचे उभे दोन किंवा चार भाग करून ते घडवलेले आहेत. काही अर्धे, काही पाव. मग एका कुऱ्हाडीचे भाग कोणाकोणाला मिळाले? भावाभावांत वाटणी झाली की बापलेकांत? दोन गावांच्या पाटलांनी सोयरीक जमवताना ते वाटून घेतले काय? याचे उत्तर देणारी एकच गोष्ट असते. कोणता तुकडा कोणत्या थडग्यात, कोणाच्या छातीवर, कशाच्या शेजारी होता, ही नोंद.

ती नोंद बहुतेक ठिकाणी झाली नाही. थडगी उकरून वस्तू विकणे हा त्या भागात धंदाच होऊन बसला. अशा माणसांना तिकडे ‘वाकेरो’ म्हणतात. गरीब माणसे ती. रात्री कंदील घेऊन खणायचे आणि हाती लागेल ते येईल त्या भावाने विकायचे. त्यांच्या हातातून दलालाकडे, दलालाकडून परदेशी श्रीमंताकडे. वस्तूची किंमत प्रत्येक हाताला वाढत गेली आणि तिची हकिकत प्रत्येक हाताला कमी होत गेली. मायनर कीथ नावाचा अमेरिकन भांडवलदार कोस्टा रिकात रेल्वे बांधायला आला. लोहमार्गासाठी आणि केळीच्या मळ्यांसाठी जमीन साफ करताना प्राचीन थडगी उघडी पडली. त्याने हजारो वस्तू गोळा केल्या, आणि त्या न्यूयॉर्ककडे रवाना झाल्या.

त्याच काळात, १८९६-९७ साली, कार्ल हार्टमन नावाचा स्वीडिश संशोधक कोस्टा रिकात आला. मूळचा तो वनस्पतिशास्त्रज्ञ. फूल-पान गोळा करताना ते कोठून घेतले हे लिहून ठेवण्याची सवय असल्यामुळे की काय, थडगी खणतानाही त्याने प्रत्येक थडग्याचा आराखडा काढला, कोणती वस्तू कोठे होती ते लिहिले, आणि १९०१ साली ते सगळे छापून प्रसिद्ध केले. कीथच्या वस्तूंचा ढीग मोठा. हार्टमनचा लहान. पण अभ्यासकाला आजही हार्टमनच्या वहीकडे वळावे लागते.

शिवाय एक मोठे कोडे होते. हा दगड यायचा कोठून? कोस्टा रिकात त्याची खाण सापडत नव्हती. १९५० नंतरच्या काळात ग्वाटेमालातल्या मोतागुआ नदीच्या खोऱ्यात जेडचे खडक असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण ओल्मेकांना आणि कोस्टा रिकातल्या कारागिरांना आवडणारा निळसर झाक असलेला जेड तिथे फारसा दिसेना. १९९८ साली मिच नावाचे चक्रीवादळ झाले, पूर आले, ओढ्यानाल्यांनी दगडगोटे वाहून आणले, आणि त्यांत तो निळसर जेड दिसला. त्याचा माग घेत शास्त्रज्ञ डोंगरातल्या मूळ जागेपर्यंत पोहोचले. फॉल्समला पुराने दाखवले तसेच इथेही पुरानेच दाखवले. म्हणजे हा दगड शेकडो किलोमीटर दूरवरून व्यापाराने हातोहात कोस्टा रिकापर्यंत येत होता. रस्ते, बाजार, सोयरसंबंध, सगळे काही त्या एका ताईतामागे उभे आहे.

संग्राहकाच्या हौसेचा फायदा घेणारे लबाडही निपजतात, हेही सांगितले पाहिजे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये स्फटिकाची एक मानवी कवटी आहे. प्राचीन मेक्सिकोची म्हणून ती १८९७ साली विकत घेतली गेली. युजीन बोबान नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या हातून ती पूर्वी गेलेली होती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरचे ओरखडे तपासले तेव्हा ते फिरत्या चाकावर घासल्याचे दिसले. असे चाक कोलंबसपूर्व अमेरिकेत नव्हतेच. कवटी एकोणिसाव्या शतकातली निघाली. कोठून मिळाली, कोणी काढली, कोणाच्या समक्ष काढली, हे विचारण्याची चाल असती तर हा दगड एवढी वर्षे थोरामोठ्यांना चकवू शकला नसता. ज्या दगडाला जागा नाही, त्याच्याबद्दल कोणीही कोणतीही गोष्ट सांगू शकतो.

या सगळ्याचा धडा जगाने उशिरा का होईना, घेतला. १९७० साली युनेस्कोने सांस्कृतिक ठेव्याच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध करार केला. मेक्सिकोने १९७२ साली आणि कोस्टा रिकाने १९८१ साली कायदे करून जमिनीतला प्राचीन ठेवा राष्ट्राच्या मालकीचा ठरवला. आपल्या देशातही १९७२ साली पुरावस्तूंचा कायदा झाला. कोस्टा रिकाची राजधानी सान होसे येथे १९७७ साली खास जेडचे संग्रहालय स्थापन झाले. कीथने नेलेल्या वस्तूंपैकी काही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात होत्या. त्यांतल्या बऱ्याच वस्तू त्या संग्रहालयाने २०११ नंतर कोस्टा रिकाला परत केल्या. दुसऱ्या खेपेला, २०२० च्या सुमारास, तेराशेहून अधिक वस्तू परतल्या. वस्तू घरी आल्या याचा आनंदच आहे. पण त्या ज्या थडग्यातून निघाल्या ती जागा काही परत आली नाही. ती कोणीही परत करू शकत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना मला शेवटी एक गोष्ट सुचवायची आहे. आपल्या देशातही असे दगड पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकात बुंदेलखंडाकडे फिरणाऱ्या संशोधकांना घासून गुळगुळीत केलेल्या प्राचीन दगडी कुऱ्हाडी कोठे मिळाल्या? गावच्या झाडाखाली, देवाच्या पारावर, शेंदूर लावलेल्या दगडांच्या शेजारी! आणि आपल्या महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी नेवाशाला डॉ. हसमुख सांकलिया यांनी उत्खनन केले, तेव्हा आदिमानवाच्या हत्यारांपासून पुढच्या काळापर्यंतचा इतिहास नदीच्या थरांतून उलगडला. तेव्हा शाळेतल्या एखाद्या पोराने नदीकाठावरून धारेचा दगड आणला तर त्याला रागावू नका. पण ‘कसला सुंदर दगड!’ एवढे म्हणून कपाटातही ठेवू नका. त्याला आधी विचारा, “बाळ, कोठे मिळाला? किती खोल होता? शेजारी काय होते? ती जागा मला दाखवशील?” त्याची उत्तरे वहीत लिहा, तारीख घाला, जागेचा साधा नकाशा काढा. आणि काही जमिनीत रुतलेले असेल तर ते तसेच राहू द्या. तलाठ्यामार्फत किंवा तहसील कचेरीमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा.

मॅकजंकिनजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता, आणि त्याच्या हयातीत त्याचे ऐकायलाही कोणी आले नाही. त्याच्याजवळ होते ते एवढेच. नाल्याच्या काठावर थांबून ‘हे इतके खोल कसे?’ असे विचारण्याची बुद्धी. ती बुद्धी आपल्या गावच्या पोरांतही आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर ओढ्याचा काठ ढासळेल, तेव्हा त्यांच्यापैकी एखाद्याने तिथे क्षणभर थांबावे आणि हात मागे घेऊन आधी नीट पाहावे, एवढी सवय आपण त्यांना लावू या.